पहिलीच्या वर्गासाठी जमात बसली

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावात मॅट्रिक झालेलाही दुसरा माणूस नव्हता. हे मी आजही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. घिवलीच्या वरच्या अंगाला, समुद्राला लागून आमचं गाव. कोणाची स्वतःची होडी, कोणाचा दुसऱ्याच्या होडीवर हात. माझ्या बापाचा जन्म आमच्या होडीवर डोलीची जाळी ओढण्यात गेला. मोठा भाऊ त्याच होडीचा तांडेल झाला, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. मी तेवढा पालघरच्या हायस्कूलात गेलो, तिथून मुंबईला कॉलेजात. चार वर्षं वसतिगृहाची पातळ आमटी खाल्ली आणि पदवी घेऊन आलो.

परत आलो कारण बाप वारला, आणि आई म्हणाली, एक तरी पोर कोरड्या जमिनीवर राहू दे. गावच्या शाळेत दुसऱ्या मास्तराची जागा रिकामी होती. त्या जागेला मॅट्रिकवालाही चालत असे, मी तर बी.ए. हायस्कूलात जागा निघेपर्यंत इथे काढू, असं मनाशी धरून मी हजर झालो. शाळा दोन खोल्यांची. मोठे गुरुजी घाटावरचे, आमच्याकडे नऊ वर्षं काढलेले, तरी मासळीचा वास आला की उपरणं नाकाला लावायचे. त्यांच्याकडे तिसरी-चौथी. माझ्याकडे पहिली-दुसरी.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मराठी आता राज्याची भाषा झाली, मातृभाषेतून शिक्षण, असं सगळीकडे छापून येत होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. बोईसर स्टेशनापासून ट्रक धूळ उडवत जायचे आणि गावातली तरणी पोरं तिकडे काम मिळतं का बघायला गेटावर उभी राहायची. गेटावरचा माणूस हिंदीत विचारायचा, आतला कारकून पुस्तकी मराठीत, त्याच्या आतला साहेब इंग्रजीत. आमची पोरं गेटावरूनच परत यायची.

पहिलीच्या वर्गात माझी पुतणी होती. भावाची थोरली. आठ वर्षांची झाली होती आणि तिसऱ्यांदा पहिलीत बसली होती. मोठ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या घरची आहे, राग मानू नका. पण मुलगी मंद आहे. दोन वर्षांत माझ्यासमोर एक शब्द बोललेली नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. कारण तीच मुलगी घरी सगळ्यांना कामाला लावायची. बोंबील वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची असते. हे काम ती आईपेक्षा झपाट्याने करायची आणि शेजारच्या बायकांना वर म्हणायची, "काकी, तुजी जोडी सुटते बग, वाऱ्यावर ध्यान नाय तुजं." भरती कधी, ओहोटी कधी, आज पाणी किती चढणार, हे तिला विचारावं. आणि शाळेत ती जमिनीकडे बघत बसायची.

भावाने तिच्याबद्दल मला आधीच सांगून ठेवलं होतं. "ह्या वर्साला पास झाली तं ठीक. नाय झाली तं शाला बंद. घरात बोंबील हाय, धाकटी पोरं हायत, आनी हिला शालेत बसून तिसरं वरीस झालं."

"ती पास होईल, दादा," मी म्हटलं.

"तू बी.ए. हायस. तू बोलतोस तं होईल."

पहिले दोन महिने मीही मोठ्या गुरुजींसारखंच शिकवलं. खोटं कशाला बोलू, मला ती पुस्तकी भाषा बोलायला आवडत असे. ती मी कमावली होती. पालघरच्या शाळेत पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नव्हतं, कारण उघडलं की वर्ग हसायचा. मग एकट्याने ओढ्याकाठी जाऊन मोठ्याने वाचून वाचून मी ती जिभेवर बसवली, आणि कॉलेजात वक्तृत्वात बक्षीस घेतलं. तर मी वर्गात उभा राहून चित्र दाखवायचो. बाग, बागेत कारंजं, कारंज्याशेजारी माळी. "या चित्रात तुम्हाला काय दिसते? पूर्ण वाक्यात उत्तर द्या." चाळीस पोरं माझ्याकडे बघायची. त्यांतल्या एकानेही कारंजं पाहिलेलं नव्हतं. मीसुद्धा मुंबईला जाईपर्यंत पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस कुत्र्याने सगळं बदललं. शाळेच्या खिडकीतून बोंबलाच्या दोऱ्या दिसायच्या. दुपारची वेळ होती, बायका विहिरीवर गेलेल्या. एक कुत्रा खालच्या दोरीला लागला. पुतणी एकदम उठून उभी राहिली आणि खिडकीतून ओरडायला लागली. कोणी कुठून धावायचं, कोणती दोरी वर घ्यायची, कुत्र्याची वाट कुठे अडवायची, सगळं. तिचा आवाज इतका मोठा आहे हे वर्गाला पहिल्यांदाच कळलं. बाहेर तिचं ऐकून दोन म्हाताऱ्या खरोखर धावल्या. आत वर्ग खिदळत होता आणि ती भानावर येऊन माझ्याकडे बघून थिजली.

मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मंग? पलाला का धरला?"

"पलाला, काका. पन तोंडातला टाकून पलाला."

"किती टाकलं?"

"जोडी टाकली. एकच गेला."

मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, हे बघ, तू बोललीस ते असं दिसतं. ती फळ्याजवळ आली आणि तिने आपल्या बोलण्यावरून बोट फिरवलं. त्या दिवसापासून पहिलीचा वर्ग मी आमच्या बोलीत घ्यायला लागलो. पोरं बोलायची, मी लिहायचो, मग ती ते वाचायची. होडी, डोल, नांगर, बोंबील, करंदी. खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यावर शब्द लिहिले. दिवाळीपर्यंत अर्धा वर्ग वाचायला लागला, आणि पुतणी सगळ्यांच्या पुढे. मोठे गुरुजी दाराशी उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, "गंमत चांगली आहे. पण पुस्तक कधी सुरू करणार?"

"करू की, गुरुजी. आधी अक्षरं कळू देत."

"अक्षरं कळतील हो. पण कोणत्या भाषेतली?"

नोव्हेंबरात विस्तार अधिकारी आले. प्राथमिक शाळा तपासायचं काम त्यांचं. मनोरपासून किनाऱ्यापर्यंत सगळा भाग त्यांनी सायकलवर तुडवलेला. माणूस वाईट नव्हता. नीट कपडे, मऊ बोलणं, पोरांना दटावणं नाही. त्यांनी फळा वाचला. फळ्यावर त्या दिवशी लिहिलं होतं, आज पानी मोटं हाय, होडी लवकर गेली. मोटं पानी म्हणजे उधाणाचं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"मास्तर, हे तुम्ही मुद्दाम करता आहात की चुकून?"

"मुद्दाम."

"बी.ए.ला मराठी होतं तुम्हाला?"

"होय. म्हणूनच."

ते हसले. मग त्यांनी आत जाऊन चार-पाच मुलांना वाचायला लावलं. पुतणीने सगळा फळा वाचला, एकदाही न अडखळता. मग ते बाहेर आले.

"मला स्वतःला हे पटतं," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं मी गप्प बसलेले पहिलीचे वर्ग बघतोय. पण वरच्या सगळ्या परीक्षा पुस्तकाच्या भाषेत. आणि उद्या कोणी अर्ज केला की मास्तर पोरांना गावठी शिकवतो, तर मी काय उत्तर देणार? तुम्ही एक करा. गावाची लेखी संमती घ्या. तेवढ्या कागदावर मी एका वर्षाची मुभा मागतो. पहिलीची परीक्षाही बोलीत घेऊ. नाहीतर मात्र सोमवारपासून पुस्तक."

मी म्हटलं, गाव कशाला नको म्हणेल? गावचीच तर भाषा.

संध्याकाळी जेवताना घरात सांगितलं. भाऊ जेवत राहिला. त्याचं बोलणं नेहमीच कमी. वहिनी बोलली. ती रोज टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची.

"भावजी, मी एक विचारू? आमची बोली मना येते. तुमच्या भावाला येते. पोरीला जन्मताच आली. ती शिकवाया सरकारनं मास्तर कशाला ठेवला?"

"वहिनी, बोली शिकवायची नाही. बोलीतून वाचायला शिकवायचं. एकदा वाचता आलं की पुढे—"

"फुडं काय ते मना ठावं हाय. बोईसरला आता त्या नव्या साहेबांच्या बायका येतात मासली घ्यायला. मी भाव सांगते तं एकमेकींकडं बगून हसतात. 'ए, काय म्हणालीस, परत बोल.' मी परत बोलते, परत हसतात. माज्या वयाच्या बायका, आनी मना ए बोलतात." तिने भाकरी ताटात टाकली. "तुमाला कोन ए बोलतं का आता?"

"नाही."

"का नाय बोलत?"

उत्तर मला माहीत होतं. पुतणी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

"पण वहिनी," मी म्हटलं, "पुस्तकाची परीक्षा झाली तर ती बोलणार नाही. मग दादा तिची शाळा बंद करणार."

"मंग तुमी बोलाया शिकवा. बी.ए. कशाला झालाव?"

भाऊ हात धुवायला उठता उठता एवढंच म्हणाला, "जमातीत मांड. जमात ठरवल तसं."

आमच्याकडे गावाचं काहीही ठरवायचं तर जमात बसते. आणि ती बसते भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ नसते तेव्हा. डोलीत मासळी येते ती पाण्याच्या ओढीने. ओढच नाही तर जाळं लावून उपयोग नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरी. जमातीत हात वर करून मतं घेत नाहीत. पाटील गोष्ट मांडतो, ज्याला बोलायचं तो बोलतो, मग सुपारीचं ताट फिरतं. एका होडीची एक सुपारी. पटलं तर तांडेल एक खांड उचलून तोंडात टाकतो. नाही पटलं तर ताट पुढच्याकडे सरकवतो. तोंडाने नाही कोणी म्हणत नाही, कारण दोन दिवसांनी त्याच माणसाबरोबर पाण्यात जायचं असतं. एकदा ताट फिरलं की त्यावर बोलणं नाही. मला स्वतःची होडी नव्हती, म्हणून मला सुपारी नव्हती. आमच्या घरची सुपारी भावाची.

मी तीन दिवस भाषण लिहीत बसलो. आता वाटतं, तिथेच चुकलो. त्या तीन दिवसांत चौदा तांडेलांच्या अंगणात जाऊन बसलो असतो, जाळं विणता विणता चार गोष्टी केल्या असत्या, तर कदाचित काही झालं असतं. आमच्यातलं काम असंच होतं. पण मला वाटलं, अधिकारी स्वतः येणार आहेत, गाव पहिल्यांदाच असं काही ठरवणार आहे, तर मुद्दे नीट मांडायला हवेत. कॉलेजातलं सगळं कसब मी त्यात ओतलं. पाठ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं.

जमात देवळाच्या ओट्यावर बसली, दुपारी तीनला. तांडेल पुढे गोलाकार, त्यांच्या मागे खलाशी, बायका बाजूला वडाखाली. त्यांना जमातीत बोलायचा हक्क नाही, पण ऐकायला सगळ्या असतात. अधिकाऱ्यांसाठी शाळेतली खुर्ची आणली होती. मोठे गुरुजी त्यांच्या शेजारी बाकावर, उपरणं मांडीवर ठेवून.

मी उभा राहिलो आणि बोललो. अर्धा तास. आईच्या दुधाबरोबर येणारी भाषा, तिच्यातून उमलणारं ज्ञान, परक्या शब्दांच्या भिंतीआड कोंडलेली बालकं. एकही शब्द अडखळला नाही. समुद्राची गाज पार्श्वभूमीला होती, तीही वाक्यात घेतली. मला दिसत होतं, माणसं डोळे न हलवता ऐकताहेत. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. अधिकारी मान डोलावत होते. मी शेवटचं वाक्य टाकून खाली बसलो तेव्हा मला खात्री होती, जिंकलो.

सगळ्यांत जुना तांडेल उठला. माझ्या बापाचा जोडीदार. एकदा वादळात दोघांनी एक रात्र उलट्या होडीवर काढलेली. त्याने डोक्यावरची टोपी सरळ केली.

"मी काय बोलतो, आयका. मी मुंबैला पुढाऱ्यांची भाषनं ऐकलीत. पन असं बोलनं मी ऐकलं नाय. आनी हा कोन? हा आपल्या गावचा. ह्याचा बाप माज्याबरोबर होता. त्याला सई पन येत नवती." त्याने माझ्याकडे हात केला. "आज तो असता तं त्याला कलालं असतं, पोर शालेत घातला तं काय होतं. मास्तर काय बोलला त्यातलं मला अर्दं नाय कललं. पन कसं बोलला ते कललं. आता मला सांगा, आपल्या पोरांना असं बोलता आलं पायजे का नको?"

"पायजे," मागून आवाज आला. मग दुसरा. मग वडाखालून बायकांचे.

मी चटकन उठलो. "काका, तसं नाय," मी म्हटलं. "मी काय बोलतंय ते नीट—"

आणि पुढे गेलोच नाही. मागे बसलेल्या पोरांत कोणीतरी फिसकन हसलं. अर्धा तास तसं ऐकल्यावर एकदम हे ऐकून त्यांना गंमत वाटली असणार, वाईट मनाने हसले नसतील. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या गुरुजींनीही पाहिलं. मी बोलीत बोलू शकत नव्हतो असं नाही. घरी रोज बोलत होतो, वर्गात बोलत होतो. तिथे, त्या खुर्चीसमोर, चौदा तांडेलांच्या गोलात, मला लाज वाटली. साध्या शब्दात सांगतो, लाज वाटली. ज्या भाषेसाठी मी अर्धा तास भांडलो तिच्यात चार वाक्यं बोलताना माझे कान तापले.

वडाखालून एक म्हातारी म्हणाली, "आता जरा मानसासारका बोलाया लागला तं थांबला."

बायका हसल्या. पाटलांनी त्यांना गप्प केलं.

मी पुन्हा पुस्तकी भाषेत सुरू केलं. "माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात बोलीतून व्हावी—" आणि जितकं नीट बोलत गेलो तितके ते अभिमानाने माझ्याकडे बघायला लागले. बोलीत बोललो तर हसतात, पुस्तकी बोललो तर तेच पोरांना हवं म्हणतात. मला तिसरी भाषा येत होती ती इंग्रजी. मी खाली बसलो.

तेवढ्यात वहिनी बोलली. बाईमाणसाने जमातीत बोलायचं नाही, पण ती बोलली, आणि पाटलांनी तिला थांबवलं नाही. "माजे दीर चांगले शिकवतात. पोर वाचते, मी बगितलं. पन मना वाचनं नुसतं नको. मना तिला बोलताना कोनी हसू नये." एवढं बोलून ती पदर डोक्यावर ओढून मागे सरकली.

ताट फिरलं. चौदा होड्या. पहिल्या तांडेलाने ताट पुढे सरकवलं. दुसऱ्याने सरकवलं. बापाच्या जोडीदाराने माझ्याकडे प्रेमाने बघत सरकवलं. तिघांनी खांड उचलली. त्यातले दोघे ज्यांची पोरं पहिलीत होती आणि वाचायला लागली होती असे, तिसरा बहुधा सवयीने. ताट भावापुढे आलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, जरा वेळ धरून ठेवलं. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. मग त्याने ते शेजाऱ्याकडे दिलं.

अधिकारी निघताना सायकल हातात धरून माझ्याबरोबर गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत चालले. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण काय बोललात तुम्ही. पालघरच्या हायस्कूलात जूनमध्ये मराठीची जागा निघते आहे. अर्ज करा. मी शब्द टाकतो."

मी आभार मानले. खरोखर मानले. आणि मानताना कळत होतं की ज्या बोलण्याने वर्ग गेला त्याच बोलण्याने मला नोकरी लागते आहे.

सोमवारपासून पुस्तक. बाग, कारंजं, माळी. पोरं पहिले काही दिवस चित्राऐवजी माझ्या तोंडाकडे बघत होती, आता मी खरं बोलायला लागेन म्हणून. मी लागलो नाही. मोठे गुरुजी पलीकडच्या खोलीतून ऐकत होते आणि जमातीचा शब्द झाला होता. मधल्या सुट्टीत पुतणीने एकदाच विचारलं, "काका, तू माज्यावर रागावलास काय?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. ज्या भाषेत रागावलेले गुरुजी दोन वर्षं बोलले त्याच भाषेत काका बोलायला लागला, तर तिने काय समजायचं?

घरी मी तिला बोलीत शिकवतच होतो. पण वहिनी स्वयंपाकघरातून सांगायची, "भावजी, पुस्तकातलं बोला तिच्याशी. जमातीत बोललाव तसं." मग मी तसं बोलायचो, आणि पोर जमिनीकडे बघायची.

एप्रिलात परीक्षा. अधिकारी स्वतः आले. पहिलीला तोंडी असायची. एकेक मूल पुढे यायचं, ते चित्र दाखवायचे, प्रश्न विचारायचे, मी समोरच्या कागदावर लिहायचो. बरीच पोरं निभावली. पाठ केलेली वाक्यं होती, ती म्हटली. पुतणी आली. चित्रात पाऊस, छत्री, शाळेत जाणारी मुलं.

"या चित्रात काय चालले आहे, बाळ?"

ती गप्प.

"घाबरू नकोस. मुलं कुठे चालली आहेत?"

तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं, कारण मी जवळ होतो. ती म्हणाली, "शालेत चालली." इतकं हळू, की खुर्चीपर्यंत पोचलं नाही. आणि मग माझ्याकडे बघून तिने तोंड मिटलं, कारण ते चूक आहे हे तिला आता माहीत झालं होतं. ते मीच तिला चार-पाच महिने शिकवलं होतं.

अधिकारी थांबले, अजून दोन प्रश्न विचारले. मग तिला बाहेर पाठवून मला हळूच म्हणाले, "हिने नोव्हेंबरात सगळा फळा वाचला होता. मला आठवतं. तुमच्याच घरची ना? तुम्ही लिहा काय ते. मी खाली सही करतो."

लेखणी माझ्या हातात होती. दोन अक्षरं लिहायची होती. मोठे गुरुजी दारात उभे होते. आणि माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. गाव म्हणेल, पुतणी बोलली नाही तरी बी.ए. झालेल्या मास्तराने तिला पास केलं. त्या नावाला मी डाग लागू देणार नव्हतो. मी नापास लिहिलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी भाऊ होडीला डांबर लावत होता. मी जाऊन सांगितलं. त्याने हात थांबवला नाही.

"तू लिवलंस?"

"मीच."

"साहेब पास करत होता तरी?"

"होय."

"बरं केलंस. खोटं नाय लिवलंस." कुंचला पुन्हा डांबरात बुडवत म्हणाला, "तू जमातीत बोललास ना, तवाच मना कललं. असं बोलाया तुला किती वर्सं लागली?"

"पंधरा."

"पोरीची जात. पंधरा वर्सं कोन ठेवल तिला? तुजं बोलनं ऐकलं आनी बोललो, हिला काय हे जमनार नाय." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. माझं कौतुकच होतं त्यात.

"दादा, तिला अजून एक वर्ष द्यायला हवं. ती हुशार आहे. योग्य पद्धतीने शिकवलं तर—"

"बग," भाऊ म्हणाला, "माज्याशी पन तसाच बोलतोस."

त्या आठवड्यापासून पुतणी टोपली घेऊन आईसोबत बाजारात जायला लागली.

जूनमध्ये मी पालघरला रुजू झालो. पहिले काही दिवस गावातून जाऊन येऊन करायचो. सकाळची एस.टी. बोईसरला जायची, तिथून गाडी. एका सकाळी बसमध्ये वहिनी आणि पुतणी मागच्या बाजूला, टोपल्या पायांत धरून. कंडक्टरने टोपलीचं काही म्हटलं तर पुतणीने त्याला असा जबाब दिला की सगळी बस हसली, तोही हसला. नऊ वर्षांची पोर, आवाज खणखणीत. माझ्या शेजारी वाटेत चढलेले हायस्कूलातले दोन शिक्षक बसले होते, त्यातले एक माझे वरिष्ठ.

तिने मला पाहिलं आणि मागूनच हाक मारली, "काका, आज पानी मोटं हाय. संध्याकालला लवकर ये, मोटी करंदी आनते तुला."

शेजारच्या शिक्षकांनी वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"येईन हं, बाळ," मी म्हटलं. "तू नीट बस."

ती बसली. बोईसर येईपर्यंत पुन्हा काही बोलली नाही.